सलग विजयाचे गणित: बैलगाड्याचे मैदान आणि मटक्याचा आकडा

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडा मैदानात पहिला नंबर घ्यायचा तर एकाच दिवशी सलग तीनदा जिंकावे लागते: आधी गट, मग सेमी, मग फायनल. नीरा ओलांडून लोणंदच्या बाजूला आले की शर्यतीची रीतच बदलते. उत्तरेकडे खेड, जुन्नर, आंबेगावच्या शर्यतीच्या घाटांत एकेक गाडा सुटतो आणि तो किती सेकंदांत पोचला यावर बारीचा, म्हणजे त्या धावेचा, निकाल लागतो. खंडाळा, फलटण, माण, खटाव ते थेट खानापूर-आटपाडीपर्यंत गाड्या शेजारशेजारच्या तासांतून (धावपट्ट्यांतून) एकदम सुटतात, आणि जी पहिली निशाण गाठते तिचाच ‘गट पास’ होतो. कोणाला कोणता गट आणि कोणता तास, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि पेडगावचे हिंदकेसरी मैदान ही या रीतीची नावाजलेली ठिकाणे.

समजा, एका फेरीत सात गाड्या धरल्या आणि सगळ्या अगदी तोडीस तोड मानल्या. गट पास होण्याची शक्यता सातात एक, सेमीही मारण्याची एकोणपन्नासात एक आणि फायनलचा मान मिळण्याची ३४३ मध्ये एक. तीच जोडी लागोपाठ तीन मैदाने केवळ नशिबाने मारेल, याची शक्यता चार कोटींत एकापेक्षा थोडी कमी भरते. तरीही नामांकित खिल्लार जोड्या अशा माळा लावतात. त्यामुळे मैदानातल्या सलग विजयाचे श्रेय पहिल्यांदा बैलाच्या पायाला, त्याला खुराक घालणाऱ्या घराला आणि गाडीवानाच्या हाताला द्यावे लागते.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. दहापैकी आठ फेऱ्या मारणारी, म्हणजे फारच ताकदीची जोडी घेतली, तरी तीन फेऱ्या सलग जिंकून फायनल मारण्याची तिची शक्यता जेमतेम ५१ टक्के. लागोपाठ तीन मैदानांत पहिला नंबर घेण्याची अवघी १३ टक्के. दहापैकी सात फेऱ्या मारणारी जोडी तर एका मैदानातही तीनात एकदाच पहिली येते. चांगली पळणारी जोडी अचानक सेमीत अडकली की नजर लागली म्हणतात, लिंबू उतरवतात. त्या बैलाचे काही बिघडलेले असतेच असे नाही. तीन वेळचा गुणाकारच इतका कडक आहे. पैज लावणारा इथेच हमखास फसतो. मागच्या दोन मैदानांचे यश पाहून तो खात्री धरतो आणि प्रत्येक नवी फेरी तितकीच अनिश्चित असते हे विसरतो.

या शर्यतींचा अलीकडचा इतिहास कोर्टकचेरीचा आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल आला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तरी मैदाने खऱ्या अर्थाने सुरू झाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम परवानगीनंतर. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. बंदीच्या काळात कितीतरी शर्यतीचे बैल कवडीमोलाने विकले गेले, हे नुकसान कोणत्याच निकालाने भरून आले नाही.

मटका या आकड्यांच्या जुगारात मात्र बैलाच्या पायाचा वा गाडीवानाच्या हाताचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत पैजा लागत. ते भाव येणे बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापले मटके सुरू केले. मडक्यातून काढायच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांची जागा पुढे पत्त्यांनी घेतली. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा आकडा धरायचा. ५, ३, ६ आले तर बेरीज १४, म्हणून आकडा चौका. दहांतला प्रत्येक आकडा येण्याची शक्यता जवळपास सारखीच राहते. गिरणगावातून हा खेळ गावोगावच्या बाजारपेठांत पसरला.

इथे सलग पाच आकडे लागण्याची शक्यता लाखात एक. मात्र लाखभर माणसे खेळत असली, तर कोणत्याही पाच निकालांत असा सरासरी एक भाग्यवान निघतो. त्याचे नाव चहाच्या टपरीवर महिनाभर गाजते. उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांची चर्चा कोणी करत नाही. त्यातही भाव एकाला नऊ. एका रुपयाची जीत दर वेळी पुन्हा लावत गेले तर पाच निकालांनंतर हातात ५९,०४९ रुपये येतात, शक्यता मात्र लाखात एकच असते. माळ जितकी लांब, तितका पैजा घेणाऱ्या खाईवाल्याचा वाटा मोठा.

अशा लांब माळांचा हिशेब अब्राहम द मॉयव्हरने अठराव्या शतकातच मांडला होता. नाणे शंभर वेळा उडवले, तर कुठेतरी सलग सात वेळा छापा येण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के निघते. ज्याला ही माहिती नाही त्याला सात छापे म्हणजे चमत्कार वाटतो. माँटे कार्लोच्या जुगारघरात १८ ऑगस्ट १९१३ रोजी रुलेटच्या चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला. आता तांबडा येणारच, या भरवशावर लोकांनी मोठ्या रकमा घालवल्या. बरेच दिवस न आलेला आकडा ‘पिकला’ असे समजून मटक्याचे चार्ट चाळणाऱ्याची चूक अगदी हीच. पानांना कालच्या निकालाची आठवण नसते.

अशा पैजांविरुद्ध राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून अस्तित्वात आहे. गेल्या काही वर्षांत आकडे आणि सामन्यांवरच्या पैजा मोबाइलवर गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला.