लेनिन किती वेळा पळाला? (भागाचं लिखित रूप)

आजच्या भागाची सुरुवात एका बेरजेने करूया. हाताशी कागद असेल तर घ्या.

नोव्हेंबर १९१७ ते नोव्हेंबर १९१९ या दोन वर्षांत 'न्यू यॉर्क टाइम्स' आपल्या वाचकांना रशियाबद्दल काय काय सांगत होता, त्याची ही यादी. बोल्शेविकांची ताकद ओसरत चालली आहे : ३० वेळा. प्रतिक्रांतीचं मोठं संकट उभं राहिलंय : २० वेळा. राजवट कोसळणार हे नक्की : ५ वेळा. कोसळायला लागली आहे : १४ वेळा. लेनिन आणि ट्रॉट्स्की पळायच्या बेतात आहेत : ४ वेळा. पळाले : ३ वेळा. सोव्हिएत डळमळताहेत : ५ वेळा. त्यांचं पतन आता तोंडावर आलंय : ३ वेळा. लाल सैन्य सोडून जाणाऱ्या शिपायांमुळे सरकारला घोर लागलाय : एकदा. लेनिन निवृत्त होणार : २ वेळा. लेनिन तुरुंगात : ३ वेळा. आणि लेनिन ठार : एकदा.

बेरीज येते ९१. मी करून पाहिली, जुळते. (दुसऱ्याने दिलेली टोटल तपासल्याशिवाय पुढे पाठवायची नाही, ही ऑफिसातली सवय.) या सगळ्यात लेनिन आपला जागेवरच होता. तो वारला जानेवारी १९२४ मध्ये, आजारपणाने, आणि त्याचा पक्ष त्यानंतरही कित्येक दशकं सत्तेवर राहिला.

ही यादी केली दोन पत्रकारांनी, वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ. लिपमन तेव्हा तिशीचा, मर्झ सत्तावीसचा. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. ४ ऑगस्ट १९२० ला 'द न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकाची ४२ पानी पुरवणी म्हणून त्यांचं काम छापून आलं. नाव 'अ टेस्ट ऑफ द न्यूज', बातमीची परीक्षा. माध्यमांचा अभ्यास सुरू करणाऱ्या कुणालाही मी आधी हेच वाचायला सांगतो. गेल्या महिन्यात पुन्हा सांगायची वेळ आली.

सोलापूरहून एका श्रोतीची मेल आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, चौघांचा ग्रुप, विषय आहे 'माध्यम विश्लेषण'. तिची योजना अशी : एका मराठी न्यूज चॅनेलच्या वेबसाइटवरून तीन महिन्यांचे मथळे स्क्रॅप करायचे, मशीनकडून इंग्रजीत भाषांतर करून घ्यायचं, मग तयार सेंटिमेंट मॉडेलमधून काढायचं. पॉझिटिव्ह किती, निगेटिव्ह किती. "त्यातून चॅनेल विकलं गेलंय हे आकड्यांनी सिद्ध करता येईल ना दादा?" असा शेवटचा प्रश्न.

तिला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण या योजनेत दोन जागा अशा आहेत, जिथे शंभर वर्षांपूर्वीच माणसं अडखळली होती, आणि दोन्ही जागांचा इतिहास जबरदस्त आहे. म्हणून हा अख्खा भाग.

आधी एक गोष्ट. बातम्या मोजायची कल्पना कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेली नाही. १८९३ साली जॉन गिल्मर स्पीड नावाच्या अमेरिकन पत्रकाराने न्यू यॉर्कच्या दैनिकांचे १८८१ चे आणि १८९३ चे रविवारचे अंक समोरासमोर ठेवले आणि कुठल्या विषयाला किती कॉलम जागा मिळाली ते मोजलं. धर्म, विज्ञान, साहित्य यांची जागा आटली होती. गावगप्पा, भानगडी आणि खेळ फुगले होते. (ओळखीचं वाटतंय ना?) १९१० मध्ये फ्रँकफर्टला जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या पहिल्या अधिवेशनात माक्स वेबर उभा राहिला आणि म्हणाला, की वृत्तपत्रांचा अभ्यास करायचा तर सुरुवात कात्री आणि कंपास घेऊन, जागा मोजण्यापासून करावी लागेल. त्याचा तो प्रकल्प काही तडीस गेला नाही.

पण मोजलेला आकडा कशाशी ताडून बघायचा? स्पीडने जुन्याशी नवा ताडला, ठीक आहे. बातमी खरी की खोटी, एकांगी की सरळ, हे ठरवायला मात्र दुसरं काहीतरी लागतं. लिपमन आणि मर्झ यांचं खरं डोकं इथे दिसतं.

१९२० च्या अमेरिकेत रशिया हा विषय म्हणजे नुसता वणवा होता. बोल्शेविक चांगले की वाईट, त्यांनी किती अत्याचार केले, दोस्तराष्ट्रांनी रशियात फौजा घालाव्या की नाहीत, एकाही प्रश्नावर दोन माणसांचं पटत नव्हतं. या दोघांनी असे सगळे प्रश्न सरळ बाजूला ठेवले. त्यांनी घेतल्या मोजक्या, ठळक आणि घडून गेलेल्या घटना, ज्या डावा-उजवा कुणीही नाकारू शकत नव्हता. १९१७ च्या उन्हाळ्यातली रशियन सैन्याची चढाई फसली. नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. मार्च १९१८ मध्ये रशियाने जर्मनीशी वेगळा तह केला. कोल्चाक, डेनिकिन, युडेनिच हे त्यांच्याविरुद्ध लढणारे सेनानी हरले. आणि मार्च १९२० मध्ये सोव्हिएत सत्ता अजून उभी होती.

बस, एवढीच पट्टी. मग प्रश्न असा विचारला : हे घडणार आहे किंवा घडतंय, याचा अंदाज त्या त्या वेळी पेपर वाचणाऱ्या माणसाला आला असता का?

या पट्टीची गंमत लक्षात घ्या. ती वाकवता येत नाही. लिपमनला बोल्शेविकांबद्दल काय वाटत होतं, याचा निकालावर काहीही परिणाम होत नाही. कोल्चाक हरला तो हरलाच.

पेपरही त्यांनी विचार करून निवडला. 'टाइम्स' हा कुठला टुकार पेपर नव्हता, देशातल्या सर्वांत दमदार पेपरांपैकी एक. त्याच्यात दोष सापडला तर तो एखाद्या उडाणटप्पू संपादकाचा म्हणून सोडून देता येणार नाही. शिवाय एक अगदी व्यवहारी कारण : 'टाइम्स'ची छापील सूची होती आणि बांधलेले खंड ग्रंथालयात मिळत होते. मला हे फार आवडतं. एवढा मोठा अभ्यास, आणि निवडीचं एक कारण हे की इंडेक्स आहे! डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही हे पटेल. मार्च १९१७ ते मार्च १९२०, तीन वर्षांचे हजारावर अंक या लोकांनी चाळले. सर्च बॉक्स नाही, काही नाही.

९१ ची यादी तुम्ही ऐकलीत. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट दुसरी आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध थांबलं आणि बातम्यांत 'लाल संकट' शिरलं. बोल्शेविक आता युरोप गिळणार, पुढे आशिया, असा सूर. आणि त्याच पेपरात, त्याच महिन्यांत, बोल्शेविक आज कोसळतात की उद्या, हेही चालूच. म्हणजे शत्रू एकाच वेळी मरायला टेकलेला आणि जगाला गिळायला निघालेला. एकेक बातमी सुटी वाचली तर दोन्ही पटतात. ओळीने लावल्यावरच विसंगती दिसते, आणि मोजणीचा खरा उपयोग तो आहे.

बातम्या यायच्या कुठून, तेही त्यांनी पाहिलं. स्टॉकहोम, कोपनहेगन, हेलसिंकी, पॅरिस, लंडन. सांगणारे कोण? 'अधिकारी वर्तुळ', 'जाणकार मुत्सद्दी', 'नुकताच रशियाहून आलेला गृहस्थ'. नाव नाही, गाव नाही. (आपल्याकडचे 'विश्वसनीय सूत्र' त्यांचे नातूच म्हणायचे.)

आणि एवढं सगळं हाती असताना त्यांनी काय निष्कर्ष काढला? पेपर विकला गेला होता? नाही. कट होता? तसंही नाही. त्यांचं म्हणणं असं, की बातमीदार आणि संपादक यांच्या स्वतःच्या मनातली आशा आणि भीती यांनीच सेन्सॉरचं काम केलं. जे व्हावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसत गेलं. या दोघांना हे बाहेरून दिसलं असंही नाही. लिपमनने स्वतः महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी प्रचारपत्रकं लिहिली होती. त्यामुळे त्या ४२ पानांत आव नाही, चिडचिड आहे ती नेमकी आहे. पुढे मर्झ याच 'टाइम्स'मध्ये नोकरीला लागला आणि १९३८ पासून तब्बल १९६१ पर्यंत त्याच्या संपादकीय पानाचा प्रमुख होता. आपल्याकडे असं होईल का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

सोलापूरच्या मैत्रिणीला माझं पहिलं म्हणणं म्हणून हे : 'विकलं गेलंय' ही तुझी पट्टी असेल, तर तू मोजायच्या आधीच निकाल लावलायस. वादात नसलेली घटना शोध. उदाहरण देतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. किती नोटा बँकेत परतच येणार नाहीत, याचे अंदाज पुढचे काही महिने छापून येत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आकडा आला : ९९.३ टक्के परत आल्या. नोटाबंदी बरोबर की चूक यावर तुमच्या ग्रुपमध्ये भांडण होईल, होऊ दे. ९९.३ वर होणार नाही. कुठल्या पेपरच्या वाचकाला या आकड्याची चाहूल आधी लागली असती आणि कुठल्या वाचकाला नाही, एवढंच बघा. एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं काम आहे.

आता दुसरी जागा. मराठी मथळे, त्यांचं इंग्रजी, आणि त्या इंग्रजीवरून भाव ओळखणं. हे आपल्याकडे आधीच होऊन गेलंय मंडळी, आणि तेही सरकारी खर्चाने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर एक गोपनीय साप्ताहिक अहवाल काढत असे. सरकारी भाषांतरकारांनी मराठी, गुजराती आणि इतर भाषांतले पेपर वाचायचे, उतारे निवडायचे, इंग्रजीत सारांश करायचा, आणि ते साहेबांच्या टेबलावर जायचं. आज इतिहासकारांना हे अहवाल सोन्यासारखे वाटतात, कारण कित्येक पेपरांचे मूळ अंक उरलेलेच नाहीत. पण निवड कुणाची? सरकारला ज्याची धास्ती, ते उतारे आधी. तेवढ्यावरून तेव्हाचा मराठी पेपर कसा होता हे ठरवायला गेलात, तर वाटेल की पुण्यात लोक सकाळ-संध्याकाळ फक्त राजद्रोह करत होते.

आणि भाव ओळखण्याचं म्हणाल, तर १८९७ चा टिळकांवरचा खटला. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांना जुलैअखेर पकडलं ते १५ जूनच्या 'केसरी'तल्या, शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून. कलम १२४ अ. त्यात 'डिसअफेक्शन' असा शब्द होता, आपण अप्रीती म्हणतो. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगितला, प्रीतीचा अभाव. सरकारबद्दल प्रेम नाही, म्हणजे अप्रीती. माझ्या भाषेत सांगायचं तर या मॉडेलला 'न्यूट्रल' नावाचा वर्गच नव्हता. जे पॉझिटिव्ह नाही ते सगळं निगेटिव्ह. ज्युरीत ६ युरोपीय आणि ३ भारतीय, निकाल ६ विरुद्ध ३, शिक्षा १८ महिने सक्तमजुरी. लेबल कसं ठरवलं याला किती वजन असतं, ते यावरून समजा.

१९०८ ला पुन्हा तेच कलम, पुन्हा टिळक. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतरचे 'केसरी'तले दोन लेख, १२ मे आणि ९ जूनचे. या वेळी टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि ती २१ तासांवर चालली. भाषणातला देशभक्तीचा भाग आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यातली कारागिरी जास्त महत्त्वाची वाटते. ज्युरीसमोर लेख होते ते इंग्रजी भाषांतरात. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराला उलटतपासणीत एकेका मराठी शब्दावर धरलं : या शब्दाला हाच इंग्रजी शब्द का, सौम्य छटा का सोडली. मग त्यांनी इतर वृत्तपत्रांच्या कात्रणांचा ढीगच कोर्टापुढे ठेवला, त्यात अँग्लो-इंडियन पत्रंही होती. मुद्दा हा, की माझा लेख एका चालू वादातलं उत्तर आहे. समोरचा काय बोलला ते न वाचता माझा आवाज चढला म्हणू नका. संदर्भ कापून मथळा मोजू नये, हे याहून चांगलं कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

२२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल लागला. ७ युरोपीय दोषी म्हणाले, २ पारशी निर्दोष म्हणाले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले.

खटल्याचं कामकाज नंतर छापलं गेलं, त्यात ती इंग्रजी भाषांतरं आहेत. मूळ मराठी लेख 'केसरी'तल्या लेखसंग्रहात मिळतात. कॉलेजच्या नाहीतर शहरातल्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा. स्क्रॅपर लिहायच्या आधी चौघांनी एक संध्याकाळ काढायची, दोन्ही शेजारी ठेवायची, आणि भाषांतरात जिथे पारा चढलाय किंवा उतरलाय त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारायच्या. प्रत्येकाने वेगवेगळ्या. मग चौघांच्या रेघा किती जुळतात ते मोजायचं. निम्म्याही जुळल्या नाहीत, तर आधी आपापसात नियम ठरवा, मशीनला नंतर शिकवा.