गुप्त : एका शब्दाचा गोठ्यापासूनचा प्रवास

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मार्च सरत आला की घरात दोन गोष्टींची काळजी सुरू होई : आमच्या परीक्षांची आणि त्यांच्या ‘सी.आर.’ची. सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल. वर्षभराच्या कामावर साहेब शेरा लिहीत, पाकीट लाखेने बंद होई आणि कपाटात जाई. साहेबांना वडील घरी गमतीने ‘आमचे चित्रगुप्त’ म्हणत. एका वर्षी वडिलांची बढती हुकली. प्रतिकूल शेरा असता तर तसे पत्र आले असते. ते आले नव्हते. मग अडले कुठे, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळले नाही. ‘गोपनीय’ हा शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने इतरांच्या कागदांवर शेकडो वेळा मारला असेल.

गोपनीय म्हणजे लपवण्याजोगे, एवढेच मी तेव्हा धरून चाललो होतो. पुढे संस्कृत शिकताना या शब्दाचे मूळ शोधायला गेलो आणि तिथे चक्क गाय सापडली.

ऋग्वेदात ‘गोपा’ हा शब्द अनेकदा येतो. ‘गो’ म्हणजे गाय, ‘पा’ म्हणजे राखणे. गोपा म्हणजे गुराखी. पण त्या काळीच शब्दाचा अर्थ रुंदावलेला दिसतो. पहिल्याच सूक्तात अग्नीला ऋताचा गोपा म्हटले आहे. तिथे गुरे नाहीत, राखण तेवढी उरली आहे. या नामापासून ‘गोपायति’ हे क्रियापद झाले : गोपाचे काम करतो, म्हणजे राखतो. क्रियापद आहे त्या अर्थी त्याला धातू असणारच, अशा समजुतीने पुढे ‘गुप्’ हा धातू त्यातून निघाला. पाणिनी हा क्रम उलटा सांगतो : धातू आधी, मग त्याला ‘आय’ प्रत्यय लागून गोपायति. रूपे सिद्ध करण्यासाठी ही मांडणी चोख आहे; इतिहास म्हणून मात्र आधुनिक भाषाशास्त्रज्ञ गुराख्यालाच आधीचा मानतात. धातुपाठातही या धातूचा अर्थ ‘रक्षण’ असा दिलेला आहे.

जुनी नावे या अर्थाची साक्ष देतात. चंद्रगुप्त म्हणजे लपलेला चंद्र नव्हे. चंद्राने राखलेला, तो चंद्रगुप्त. विष्णूने राखलेला तो विष्णुगुप्त. परंपरेनुसार हे कौटिल्याचेच नाव. गंमत अशी, की त्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हेरांना ‘गूढपुरुष’ म्हटले आहे. लपण्या-झाकण्यासाठी संस्कृतात ‘गुह्’ हा वेगळा धातू होता. गुहा, गुह्य, गूढ हे त्याचे कुटुंब. कर्त्याच्या नावात राखण आणि त्याच्या हेरांच्या नावात लपण, असे दोन्ही धातू इथे आपापल्या जागी उभे आहेत. आपण मराठीत हेराला ‘गुप्तहेर’ म्हणू लागलो, तोवर त्यांच्यामधला बांध पुसला गेला होता.

तो कसा पुसला गेला, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. जे राखायचे ते डोळ्यांआड ठेवावे लागते. धान्य पेवात जाते, दागिना भिंतीत जातो. राखण हा हेतू आणि लपवणे हा उपाय; रोजच्या वापरात उपायानेच हेतूची जागा घेतली. जैन परंपरेत जुना अर्थ टिकून राहिला. तिथे मन, वाणी आणि काया यांच्या संयमाला ‘गुप्ति’ म्हणतात. तीत लपवण्याचा संबंध नाही, सांभाळण्याचा आहे. मराठीतली ‘गुप्ती’ मात्र काठीच्या पोटात दडलेले पाते! आणि ‘जुगुप्सा’सुद्धा याच धातूची. मुळात स्वतःला राखण्याची, एखाद्या गोष्टीपासून दूर राहण्याची इच्छा. तिचीच पुढे किळस झाली आणि नाट्यशास्त्रात ती बीभत्स रसाचा स्थायिभाव ठरली. आपण ज्याच्यापासून स्वतःला राखतो त्याचीच घृणा करू लागतो, हे या एका शब्दाने नोंदवून ठेवले आहे.

तेव्हापासून मला एक सवय लागली. ‘गुप्त’ शब्द दिसला की विचारायचे : इथे राखण कोणाची चालली आहे? गुप्तदानात देणाऱ्याचे नाव झाकले जाते आणि घेणाऱ्याचा मान राखला जातो. तिथे शब्द आपल्या मुळाशी प्रामाणिक आहे. गुप्तधन पुरणाऱ्याने ते आपल्या माणसांसाठी राखले. त्याच्या लोभाने पुढे इतकी अघोरी कृत्ये झाली, की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली. गुप्तरोगात रोगी राखला जात नाही. राखली जाते ती घराण्याची अब्रू, आणि रोगी उपचारावाचून राहतो.

मग गोपनीय अहवालात राखण कोणाची होती? लिहिणाऱ्याला भीडमुर्वत न ठेवता लिहिता यावे, हे त्याचे समर्थन मी ऐकले आहे आणि ते अगदीच पोकळ नाही. पण २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सीमा रस्ते सेवेतल्या एका अभियंत्याचे प्रकरण आले. त्याच्या अहवालात वाईट असे काही नव्हते. ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि हा शेरा त्याला कळवलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले, की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका कायम केली.

बातमी वाचली तेव्हा वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांच्या पाकिटातही ‘चांगला’ एवढेच लिहिलेले असेल काय, असे मनात आले. त्यांना कदाचित त्या शब्दाने आनंदच झाला असता.

परवा वसुबारस. आमच्या इमारतीत गाय कुठली. आई पाटावर रांगोळीने गाय-वासरू काढते आणि हळदकुंकू वाहते. तिच्या लहानपणी गावचा गुराखी सकाळी सगळ्यांची गुरे रानात नेई आणि दिवेलागणीला परत आणी. ज्याची गाय त्याच्या दारी. एखादी कमी भरली, तर त्याला घरोघरी जाब द्यावा लागे. दिवसभर गुरे मालकांच्या डोळ्यांआडच असत, पण म्हणून ती कुणी लपवली असे म्हणत नसे. संध्याकाळी ती परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

वडिलांचे पाकीट तसे कधी दारी आले नाही.