वारा सुटला की नाणी दिसतात

कोकणातल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पावसाळ्यात समुद्र पुळण खरवडून नेतो, खालचे खडक उघडे पडतात आणि पाऊस सरला की तीच वाळू हळूहळू परत येऊन बसते. वाळूच्या अशाच ये-जा करण्यामुळे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वीचा खजिना अजूनही लोकांच्या हाती लागतो. त्या भागाला नावच पडलं आहे, ‘खजिन्याचा किनारा’. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

वारसाहक्काच्या लांबलेल्या युद्धानं स्पेनची तिजोरी रिकामी झाली होती. राजा पाचवा फिलिप अमेरिकेतल्या वसाहतींतून येणाऱ्या सोन्याचांदीकडे डोळे लावून बसला होता. त्या निकडीपोटी, वादळांचा हंगाम सुरू झालेला असतानाही, २४ जुलै १७१५ रोजी हवाना बंदरातून ताफा निघाला. अकरा स्पॅनिश जहाजं आणि सोबत एक फ्रेंच. आठवड्याभरातच चक्रीवादळानं अकराही स्पॅनिश जहाजं किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात फोडून टाकली. हजाराहून अधिक माणसं गेली. ताफ्याचा एक सेनापती हुआन एस्तेबान दे उबिया हाही त्यांत होता. फ्रेंच जहाज तेवढं वाचलं.

या जहाजांवर नुसतं सोनं-चांदी नव्हतं. चीनमधली नाजूक भांडी मनिलाहून मेक्सिकोला आणि तिथून डोंगर ओलांडून अटलांटिकच्या बंदरात आली होती. वसाहतींतली चांदीही जगभर फिरत असे. त्या काळी ती युरोपमार्गे सुरतेलाही पोचत असे आणि तिथल्या टांकसाळीत तिचे मोगली रुपये पडत.

वाचलेल्या लोकांनी किनाऱ्यावर छावणी टाकली. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी पाणबुडे लावून बराच ऐवज वर काढला, त्यातला काही चाच्यांनी लुटला. मग हळूहळू लोक ती जागा विसरले. समुद्र मात्र विसरला नव्हता. बर्नार्ड रोमान्स नावाच्या मोजणीदारानं १७७५ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात नोंद केली की, पूर्वेकडून जोराचा वारा येऊन गेला की किनाऱ्यावर चालताना आपल्या माणसांना स्पॅनिश नाणी सापडतात. ती जागा त्यानं सेबॅस्टियन नदीच्या मुखासमोरची सांगितली.

याचं कारण साधं आहे. उन्हाळ्यातल्या संथ लाटा वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. थंडीत ईशान्येची वादळं उठली की उंच, आखूड लाटा ती ओढून नेतात आणि वाळूचे उंचवटे सुरीनं कापल्यासारखे उभे तुटतात. नाणं जड असतं. ते वाळूतून खाली सरकत घट्ट थरावर जाऊन बसतं. वरची वाळू निघून गेली की ते दिसतं आणि लाटा शांत झाल्या की पुन्हा गाडलं जातं. घरं वाचवण्यासाठी बाहेरून वाळू आणून टाकतात, तेव्हा तर ते आणखीच खोल जातं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर किप वॅग्नर नावाचा घरबांधणीचा कंत्राटदार याच किनाऱ्यावर वादळानंतर नाणी वेचत असे. तज्ज्ञांचं मत होतं की १७१५ चा ताफा इथून बराच दक्षिणेला बुडाला. पण वॅग्नरच्या एका गोष्टीवर लक्ष गेलं होतं. त्याच्या नाण्यांपैकी एकावरही १७१५ नंतरचं साल नव्हतं. त्याच्या डॉक्टर मित्रानं ग्रंथालयात रोमान्सचं पुस्तक शोधून काढलं आणि शंका फिटली. सैन्यानं मोडीत काढलेलं सुरुंगशोधक यंत्र घेऊन वॅग्नरनं जुन्या छावणीची जागा शोधली, मग समोरच्या पाण्यात तोफा पाहिल्या. १९६२ मध्ये अशाच एका वादळानंतर त्याच्या भाच्याला किनाऱ्यावर सोन्याची साखळी मिळाली. तिच्या कड्या होत्या २,१७६ आणि लोंबत होता सोन्याचा ड्रॅगन. त्याच्यात शिटी होती, शिवाय दातकोरणं आणि कानकोरणंही होतं! दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, पाण्याखाली एकाच जागी हजाराहून अधिक सोन्याची नाणी मिळाली.

आता मुद्द्याकडे येऊ. वॅग्नरला खरी किल्ली मिळाली ती नाण्यांच्या किमतीत नव्हे. ती कुठं आणि कोणकोणती एकत्र मिळाली, यात होती. नाणं उचलून खिशात टाकलं की सोनं उरतं, हकिकत जाते. याहून वाईटही घडतं. २०१५ मध्ये तिथं पाण्यातून १०१ सोन्याची नाणी निघाली आणि त्यांतली ५० दडवली गेली. त्यांपैकी ३७ फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये हस्तगत केली. तपासात असंही पुढं आलं की, चोरलेल्यांपैकी काही नाणी नव्या गुंतवणूकदारांना ‘सापडावीत’ म्हणून २०१६ मध्ये समुद्रतळाशी मुद्दाम ठेवली होती. नाणं अस्सल, पण त्याची जागा खोटी. उद्याच्या अभ्यासकानं त्यावर विश्वास ठेवला असता, तर चुकीचा इतिहास लिहिला गेला असता.

आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं आणि कधी सापडलं, एवढं सांगून भागत नाही. ते कुठं सापडलं, हेही त्या कागदावर लिहावंच लागतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात सरकारचा आणि जमीनमालकाचा हक्क असेल. पण नांगराच्या फाळाला किंवा घराच्या पायात जुनं नाणं लागलं, तर जागेची ती एक ओळ नीट लिहा. नाण्याइतकीच ती मोलाची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)