शब्दवेध : रडार

‘अमुक नेते तपास यंत्रणेच्या रडारवर’ असा मथळा आता वरचेवर दिसतो. ‘रडार’ हा शब्द कुठल्या जुन्या धातूतून आलेला नाही. ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ या नावातली अक्षरं जुळवून अमेरिकी नौदलात १९४० साली तो घडला. ब्रिटिश मंडळी तेव्हा याच तंत्राला ‘आरडीएफ’ म्हणत. खरं तर ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या लघुलहरींवरून उडतं विमान हेरून दाखवलं होतं. पण नाव टिकलं ते अमेरिकी.

मला हा शब्द आवडतो, कारण यंत्राचं सारं काम त्यात आहे: रेडिओलहरींनी शोध आणि अंतराचं मोजमाप. लहरींचा स्पंद सोडायचा, वस्तूवर आदळून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात परतलेला स्पंद १५० किलोमीटरवरची वस्तू दाखवतो. जाण्यायेण्याचा वेळ असल्याने निम्मं अंतर धरायचं. अँटेनाचं तोंड जिकडे, ती वस्तूची दिशा.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा शब्द विमानतळांवर आणि हवामान खात्यात रुळला. कुलाब्याचं डॉप्लर रडार पावसाचे ढग टिपतं. बातम्यांत मात्र ‘रडारवर’ म्हणजे संशयाच्या घेऱ्यात. रडार ठावठिकाणा सांगतं, गुन्हा नाही. बातमीदारांनी हा शब्द वापरताना एवढा फरक जरूर पाळावा.