अप्पांचा संगणक आणि आईचा मिक्सर



यंदा चातुर्मासाआधी माळा आवरताना अप्पांचा संगणक खाली आला. आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला, सोबत टेपरेकॉर्डर आणि अकरा कॅसेटी. दादा म्हणाला, "भंगारात देऊन टाक." आई काही बोलली नाही. आमच्याकडे आई गप्प बसली की त्याचा अर्थ "नको" असाच असतो.

या यंत्राचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळचा स्पेक्ट्रम इंग्लंडमधला. केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. साधा १२५ पौंडांना, जास्त स्मृतीचा १७५ पौंडांना. सामान्य घराला परवडावा म्हणून त्यात पडदा दिलाच नव्हता, आणि काम साठवायची सोयही नव्हती. घरातला टीव्ही हाच पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच वही! १९८४ मध्ये त्याचा 'प्लस' आला. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो आपल्या देशात विकायला सुरुवात केली.

तो काळही तसाच होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं संगणकाचं नवं धोरण आणलं, आयातीवरचे कर कमी केले. त्याच सुमारास काही निवडक शाळांत संगणक शिकवायची सरकारी योजनाही सुरू झाली. अप्पा गणिताचे शिक्षक. त्यांच्या शाळेत संगणक आला नाही, म्हणून १९८८ मध्ये त्यांनी तो घरीच आणला. कमी पडलेले पैसे आईच्या भिशीतून गेले.

याला 'घरगुती संगणक' म्हणत. पण तो चालायचा तर सगळ्या घराला त्याच्या तालावर चालावं लागे. रविवारी सकाळी महाभारत संपेपर्यंत अप्पा टीव्हीकडे बघत ताटकळत. कॅसेट लावली की किर्रर्र आवाज सुरू होई, टीव्हीच्या कडेला पट्टे पळत. मोठा प्रोग्रॅम असला तर पाचेक मिनिटं सगळे नुसते बसून. यंत्राला चालू-बंद करायचं बटणच नव्हतं. काम संपलं की अप्पा मागची वायर उपटत.

एका संध्याकाळी अप्पा नववीचे वार्षिक गुण भरत होते. दोन तासांचं काम, अजून कॅसेटवर घ्यायचं होतं. आमचं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून आईनं चटणीसाठी मिक्सर लावला. त्याच क्षणी टीव्हीवरचं सगळं पुसलं गेलं. अप्पा ओरडले नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन बसले. पण त्या दिवसापासून ते संगणकावर असले की आई चटणी पाट्यावर वाटायची. क्षमावणीला अप्पांसमोर हात जोडताना दरवर्षी म्हणायची, "मिक्सरसकट क्षमा करा." आम्ही हसायचो. आई मात्र हसायची नाही.

गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे काका यंत्र बघायला घरी आले. त्यांनी ते लगेच प्लगला लावू दिलं नाही. आधी ॲडॉप्टर तपासला, कारण विजेचा दाब चुकला तर आतल्या चिप जळतात. वाळलेले कपॅसिटर बदलले. कीबोर्डखालचा पातळ पडदा कडक होऊन तुटला होता. तसे नवे अजून बनतात, तो मागवला. टेपरेकॉर्डरच्या पट्ट्याचं डांबर झालं होतं, तोही नवा घातला. यंत्रातून चित्राची तार सरळ काढून आजच्या टीव्हीला जोडली. एकटा संगणक दुरुस्त करून भागलं नाही. त्याच्या वेळचं अर्धं घर पुन्हा उभं करावं लागलं.

चित्र उमटलं, सिंक्लेअरचं नाव आणि १९८२ हे साल दिसलं. काकांनी मागची वायर जराशी हलवली आणि सगळं गेलं. "रोज वायर उपटायचे ना? त्यानं आतलं सोल्डर सुटलंय. टेबलाला धक्का लागला तरी बंद पडेल."

आई दारात उभी होती. "तेव्हाही असंच असेल का हो?"

"कधी सुटलं ते सांगता येत नाही, वहिनी. मिक्सरनं दाब पडूही शकतो. पण हे तेव्हाच सुटलेलं असेल, तर मिक्सरची गरजच नव्हती."

आई आत गेली. पाणी पिऊन परत आली आणि खुर्ची ओढून बसली.

कॅसेट तुटेल या भीतीनं आम्ही आधी तिचा आवाज मोबाइलवर उतरवून घेतला. किर्रर्र सुरू होण्याआधी अप्पा बोलत होते. कशात काय आहे ते कळावं म्हणून ते प्रत्येक वेळी आधी नाव सांगत. "नववी ब, वार्षिक. पुन्हा भरलेले." त्यांच्या मागे एक घासल्यासारखा आवाज येत होता. दादानं विचारलं, "टेप खराब झाली का?"

"नाही रे," आई म्हणाली. "तो माझा वरवंटा आहे."

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर उत्साहानं प्लग लावू नका. आधी जाणकाराला दाखवा. कॅसेट असेल तर तिची प्रत पहिल्यांदा करून घ्या. आणि ऐकताना घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवा. त्यातले काही आवाज तिलाच ओळखू येतील.