लग्नाला मोठी, सातबाऱ्यावर लहान

बचत गटात पोरीला सभासद करायचं म्हटलं, की अठरा पूर्ण असली तरी घरातून कुणीतरी म्हणतंच, "तिला काय कळतंय अजून?" हा प्रश्न आपल्या सातारा-सांगलीला जुनाच आहे. राजांनासुद्धा तो चुकला नाही.

मिरज पटवर्धनांची. चिंतामणराव अप्पासाहेब सहा वर्षांचे असताना वारस झाले आणि कारभार चुलते गंगाधरराव बघू लागले. पुतण्या जाणता झाला, तरी चुलत्यांच्या हातून कारभार सुटेना. भांडण वाढलं, वाटणी झाली. मिरज चुलत्यांकडे राहिली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी सांगलीला राजधानी केली.

साताऱ्यात वेगळं घडलं. प्रतापसिंह महाराज १८०८ पासून नावाला छत्रपती. राहणं पेशव्यांच्या पहाऱ्यात. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, पण कारभाराची सवय नव्हती. ग्रँट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं कारभार हाती ठेवून त्यांना तो शिकवला आणि एप्रिल १८२२ मध्ये सोपवला. महाराजांनी पुढे शाळा काढली, शहराला पाणी आणलं. इंग्रजांचा यात स्वार्थ होताच; १८३९ मध्ये त्यांनीच महाराजांना गादीवरून काढलं. तरी एवढं दिसलं, की नुसतं वय वाढून कारभार येत नाही, तो हाती दिल्यावर येतो.

मुलींचंही तसंच. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई प्रतिसरकारच्या काळात विशीच्या आतली होती. भूमिगतांचं जोखमीचं काम तिनं पेललं.

कायद्यानं १८७५ मध्ये सज्ञान होण्याचं वय १८ ठरवलं. मतदानाचं वय मात्र २१ होतं, ते १९८९ मध्ये १८ झालं. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ पासून १८ आहे. आपल्याकडे यातलं लग्नाचं तेवढं सगळ्यांना पाठ असतं.

आता सातबारा बघा. वडील गेल्यावर अज्ञान मुलीचं नाव लागतं, सोबत 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं किंवा चुलत्याचं. ती अठराची झाली तरी हा शेरा आपोआप जात नाही. वयाचा दाखला जोडून तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. १९५६ च्या कायद्यानं अज्ञान मुलीच्या नावची जमीन पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली असेल, तर तिनं सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करायचा असतो. बऱ्याच जणींची ती तीन वर्षं सासरी नवी नवरी म्हणून निघून जातात.

तेव्हा सोळाव्या-सतराव्या वर्षीच तिला गटाच्या बैठकीत शेजारी बसवा. पासबुक वाचू द्या, हिशेब लिहू द्या. आणि अठरा पूर्ण झाली, की लग्नाची बोलणी करण्याआधी तिला घेऊन तलाठी कार्यालयात जा.