नरनाळ्याचा दरवाजा कोण वाचणार?

आपल्या वाशीमला बालाघाट का म्हणतात हे शाळेत विचारले तर बहुतेक मुले गप्प बसतात. 'बाला' म्हणजे वर आणि 'पाईं' म्हणजे खाली, हे दोन्ही शब्द फारसी. त्यांना जोडलेला 'घाट' इथल्या मातीतला. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. त्याच्या खाली पूर्णेच्या काठची काळी सपाट जमीन, तो पाईनघाट. आणि त्या सपाटीच्या पलीकडे उत्तरेला उभा राहतो सातपुडा, म्हणजे मेळघाट. वऱ्हाडचा सारा इतिहास या तीन पायऱ्यांवर चढत-उतरत घडला आहे. पण आपण वाशीमकर वरच्या एकाच पायरीवर राहतो आणि समोरचा डोंगर क्वचितच पाहायला जातो.

मालेगाव सोडले की पातूरच्या घाटात रस्ता उतरू लागतो. तिथून अकोला, मग अकोट. अकोटच्या पुढे पोपटखेड मागे पडले की कपाशीची शेते संपतात आणि सागाचे जंगल सुरू होते. डोंगराच्या पायथ्याशी शहानूर नावाचे लहानसे गाव आहे. थोडी घरे, वनखात्याची चौकी, चहाची टपरी. एका घरातून कोरकू बोली कानावर येते, दुसऱ्यातून वऱ्हाडी. गावाचे नाव मात्र 'शाह' या फारसी आणि 'नूर' या अरबी शब्दाचे. गावात कोणाला त्याचे नवल वाटत नाही, वाटायचे कारणही नाही. चारशे-पाचशे वर्षे तोंडात राहिलेला शब्द परका उरत नाही.

या गावाच्या डोक्यावर नरनाळा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१६१ फूट उंच. खरे तर हे तीन किल्ले: मधला मुख्य नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड. वर १९ तलाव असल्याची नोंद आहे, पण बारमाही पाणी त्यांतल्या मोजक्याच तलावांत टिकते. किल्ल्याच्या ताकदीचे रहस्य तटांपेक्षा या तलावांत अधिक आहे. सातपुड्याच्या कड्यावर उन्हाळ्यात फौज पोसायची तर पाणी आधी लागते, तोफ नंतर. तोफही आहेच, नऊगजी म्हणतात तिला. तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागते, तलावाकडे कोणी बघत नाही.

फरिश्ता लिहितो की बहमनी सुलतान अहमदशाह वली १४२५च्या सुमारास एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, बराच काळ मुक्काम करून होता. त्या काळात त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. डागडुजी केली, म्हणजे किल्ला त्याच्याही आधीचा. लोक त्याचे नाव एका नरनाळसिंग राजाशी जोडतात.

पण मला शहानूरला ओढून नेले ते महाकाली दरवाजाने.

हा दरवाजा १४८७चा, हिजरी ८९२चा. कमानीभोवती दगडात कोरलेली कमळे आहेत, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आहेत आणि त्यांना दगडी जाळ्या आहेत. एका जाळीची नक्षी दुसरीसारखी नाही. वर अरबी अक्षरांचा लेख आहे. नाव महाकालीचे, नक्षी कमळांची, लेखात सुलतान शहाबुद्दीन महमूदशाह बहमनीचे नाव. शाळकरी मुलांची एक सहल त्याच वेळी आली होती. सोबतच्या माणसाने हात वर करून 'ही मोगलांची उर्दू' असे सांगितले आणि मुले पुढे गेली. १४८७ साली हिंदुस्थानात मोगल नव्हते. बाबर तेव्हा फरगण्यात चार वर्षांचा होता. आणि ती उर्दूही नव्हे.

नस्तालीकवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो लेख पहिल्या नजरेत उमगत नाही, हे खरे. अक्षरे एकात एक अडकलेली, उभ्या रेषा भाल्यांसारख्या. पण थोडा वेळ थांबले की 'शाह' दिसतो, 'महमूद' दिसतो. आपली उर्दू शाळेतली आठवीची पोर हे करू शकते. अडचण एवढीच की तिला तिथे कोणी नेत नाही. आम्ही सहल नेतो ती औरंगाबादला किंवा हैदराबादला. जणू आपली लिपी फक्त दूरच्या शहरांतल्या दगडांवरच आहे.

लेखातले नाव सुलतानाचे असले तरी दरवाजा उभारणारा दुसराच. फतहुल्लाह इमादुल्मुल्क. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरातला. लढाईत लहानपणीच कैद झाला, वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला, मुसलमान झाला आणि पुढे त्याच वऱ्हाडचा कारभारी झाला.

१४८७ या वर्षाचा अर्थ कळायला थोडे मागे जावे लागते. बहमनी वजीर महमूद गावान याला एक गोष्ट पक्की कळली होती: सुभेदाराच्या हातात सगळे किल्ले असतील तर तो आज ना उद्या सुलतान होणार. म्हणून त्याने मोठे सुभे तोडून दोन-दोन केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. गाविल फतहुल्लाहकडे, माहूर खुदावंदखान हबशीकडे. म्हणजे आफ्रिकेतून आलेला एक आणि कर्नाटकातून आलेला दुसरा, असे दोघे वऱ्हाड वाटून बसले होते. सुभेदाराने स्वतःकडे एकच किल्ला ठेवायचा, बाकीचे दरबारच्या माणसांकडे, असाही नियम गावानने केला. सरदारांना हे रुचणार नव्हतेच. १४८१मध्ये बनावट पत्राच्या आरोपावरून गावानचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी पोरवयाचा महमूदशाह तख्तावर बसला आणि बीदरचा वचक संपला.

अशा वेळी फतहुल्लाह नरनाळ्याला एवढा देखणा दरवाजा बांधतो. त्यावर नाव मात्र अजून सुलतानाचे कोरतो. तीन वर्षांनी, १४९०मध्ये, तो स्वतंत्र होतो आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू होते. मला हा दरवाजा म्हणजे नम्र भाषेत लिहिलेला राजीनामा वाटतो. वर मजकूर ताबेदारीचा, खाली तट स्वतःचा.

पाठ्यपुस्तकात इमादशाहीला पाच शाह्यांच्या यादीत एक नाव, एवढीच जागा मिळते. त्यामुळे एक गंमतही मुलांपर्यंत पोहोचत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणेही ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. पाथरी होती इमादशाहीत. निजामशाहाला आपल्या वाडवडिलांचे गाव हवे होते, इमादशाह देईना, आणि त्यावरून दोन्ही घराणी लढली. कानडी हिंदूचा वारस आणि पाथरीच्या ब्राह्मणाचा वारस, दोघेही मुसलमान सुलतान, एका वतनाच्या गावासाठी भांडताहेत! 'बाहेरून आलेले' हे शब्द ज्यांच्या जिभेवर फार लवकर येतात, त्यांच्याशी बोलताना मी हीच कथा सांगतो. वाद संपत नाही, पण समोरचा पाथरी नकाशात शोधू लागतो.

इमादशाहीचा शेवटही याच डोंगरावर झाला. शेवटचा शाह बुऱ्हाण लहान होता. त्याचा वजीर तुफालखान याने त्याला नरनाळ्यावर कोंडून सत्ता स्वतःकडे घेतली. १५७४मध्ये मुर्तजा निजामशाहाने किल्ला घेतला आणि वऱ्हाड अहमदनगरला जोडले. पुढे २२ वर्षांनी ते अकबराकडे गेले. 'आईने अकबरी'त नरनाळा आणि बासिम, म्हणजे आपले वाशीम, दोन्ही वऱ्हाडच्या सरकारांच्या यादीत आहेत. नरनाळ्याबद्दल अबुल फजल सांगतो तो मजबूत किल्ला आणि वरच्या इमारती. वाशीमबद्दल सांगतो ते इथले हटकर: मानी, कोणाला न जुमानणारे, १,००० स्वार आणि ५,००० पायदळ बाळगून असलेले. वाशीमच्या वाचकांनी यावर नाराज व्हायचे की खूश, ते त्यांनीच ठरवावे.

१८०३मध्ये गाविलगड वेलस्लीने जिंकला. देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, पण नरनाळा आणि गाविलगड मात्र मागून घेतले. हा डोंगर हातचा जाऊ द्यायचा नाही, हे बहमनी, इमादशाह, भोसले सगळ्यांनाच कळत होते.

आता किल्ला अभयारण्यात आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गडावर हजरत बुऱ्हाणुद्दीन यांची मजार आहे. 'बाघ सवार वली' म्हणतात त्यांना. रात्री ते पांढऱ्या वाघावर बसून गडाला फेरी घालतात अशी श्रद्धा आहे. जियारतीला येणाऱ्यांत सगळ्याच जातीधर्मांचे लोक दिसतात. वाघासाठी मेळघाटातली कोरकूंची काही गावे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खाली अकोट-तेल्हाऱ्याकडे हलवली गेली. किल्ल्याला कोणी ना कोणी राजा मिळत गेला. या माणसांची नोंद कोणत्याच दरवाजावर नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांकडून डोंगराची, तलावांची, वाटांची नावे कोणीतरी लवकर लिहून घ्यायला हवीत.

उतरल्यावर शहानूरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने विचारले, वर काय लिहिले आहे म्हणून. त्याचे आयुष्य त्या दरवाजाखाली गेले होते. मी सांगितले: सुलतानाचे नाव आहे, साल आहे. त्याने साल दोनदा विचारून घेतले आणि आत जाऊन मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, ८९२.